डोकेदुखीची गोळी: एक रुपयाची, पाच रुपयांची आणि फुकटची

पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची गोळी सरकारने ठरवलेल्या कमाल किमतीप्रमाणे साधारण एक रुपयाला पडते, 650 ची दोन रुपयांच्या आसपास. हे दोन आकडे ध्यानात ठेवले, की "भाऊ, अंग लय दुखून रायलं, गोयी दे" म्हटल्यावर समोर जे येतं त्याचा भाव रास्त आहे की नाही, ते काउंटरवरच कळतं. वऱ्हाडात असो की धानपट्ट्यात, तालुक्याच्या मेडिकलवर असो की फाट्यावरच्या किराण्यात, माप हेच.

आधी 500 आणि 650 चा सोक्षमोक्ष लावू. एक रुपयात 500 मिलिग्रॅम आणि दोन रुपयांत 650. म्हणजे औषध तीस टक्के जास्त, किंमत दुप्पट. त्याच दोन रुपयांत 500 च्या दोन गोळ्या येतात आणि औषध मिळतं 1000 मिलिग्रॅम. मोठ्या माणसाचा एका वेळचा डोस 500 ते 1000 च्या मध्येच असतो; वजनाच्या हिशेबाने किलोमागे साधारण 15 मिलिग्रॅम. निंदणाला, रोवणीला जाणाऱ्या पुष्कळ बायांचं वजन चाळीस-पंचेचाळीस किलो असतं. त्यांना 600-650 हा पूर्ण डोस झाला आणि साध्या दुखण्याला 500 पुरते. तरीही दुकानात "डोलो द्या" हीच मागणी. कोविडच्या काळात 650 चं नाव घराघरात गेलं आणि तिथेच राहिलं. गोळी चांगलीच आहे, पण 500 हलकी आणि 650 भारी हा समज खिशाला लागतो. किमतीच्या मानाने सगळ्यात जास्त काम करणारी गोळी कोणती, तर साधी 500.

ब्रँडचं म्हणाल तर डोलो, कॅल्पोल, क्रोसिन, पॅसिमॉल ही एकाच औषधाची नावं आहेत. डोलो 650 चं पंधरा गोळ्यांचं पाकीट तीस रुपयांच्या थोडं मागेपुढे मिळतं, कॅल्पोल 650 चंही तसंच. या औषधावर किमतीची कमाल मर्यादा असल्याने मोठ्या कंपन्यांत फार फरक उरत नाही. एकीची सोडून दुसरीची घेतली तर गोळीमागे वाचतील ते काही पैसेच, रुपये नाही. रुपयांतला फरक पडतो तो नावापुढे काही शब्द जोडला जातो तेव्हा. "पेन रिलीफ" लिहिलेल्या क्रोसिनमध्ये पॅरासिटामॉल 650 सोबत 50 मिलिग्रॅम कॅफिन असतं. ते कॅफिन घरातल्या कपभर कडक चहातही मिळतं. "लवकर काम करते" असं छापलेल्या गोळ्या थोड्या लवकर विरघळतात, हे खरं. पण साधी गोळीही अर्ध्या ते एका तासात लागू पडते. ती ग्लासभर पाण्यासोबत घ्यावी. घोटभर पाण्यात गिळून लगेच आडवं झालं तर ती पोटात पोचायलाच वेळ लागतो.

कमाल किंमत ठरते कशी, हेही थोडक्यात. औषध किंमत नियंत्रण आदेश 2013 प्रमाणे, बाजारात एक टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडच्या दुकानदार-खरेदी दरांची सरासरी काढतात आणि तिच्यावर दुकानदाराचे 16 टक्के धरतात. दर वर्षी 1 एप्रिलला घाऊक महागाईच्या आकड्यानुसार ती बदलते. 2022 मध्ये 10.77 टक्के वाढ मिळाली, 2023 मध्ये 12.12 टक्के, 2024 मध्ये जवळपास शून्य. "गोळ्या एकदम कशा महागल्या" हे ऐकू येतं त्याचं मूळ त्या सलग दोन वर्षांत आहे. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. जुन्या छापील किमतीचं पाकीट हाती आलं तर ते साधारण सहा टक्के कमी दराने मिळायला हवं, 32 छापलेलं 30 ला. खेड्यात हे कुणी विचारत नाही, म्हणून कुणी सांगतही नाही.

खरा खर्च वाढतो तो मिश्रणाच्या गोळ्यांत. सॅरिडॉनची एक गोळी चार-पाच रुपयांना पडते. तिच्यात पॅरासिटामॉल 250, प्रोपिफेनाझोन 150 आणि कॅफिन 50 मिलिग्रॅम. अधूनमधून डोकं दुखणाऱ्याला ती गुण देते, यात वाद नाही. 2018 मध्ये मिश्रण-औषधांवर बंदी आली तेव्हा तीही यादीत होती; 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला वगळलं. अडचण सवयीची आहे. मिश्रणाची गोळी महिन्यात दहा दिवस किंवा जास्त, नाहीतर साधं पॅरासिटामॉल पंधरा दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकेदुखी आणू लागते. मग सकाळी चहाआधी डोकं ठणकतं, गोळी घेतली की उतरतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दिवसाला दोन गोळ्या पाच रुपयांच्या धरल्या तर महिन्याचे तीनशे रुपये गेले आणि दुखणं जागच्या जागी. अशा माणसाला स्वस्त ब्रँड सुचवून उपयोग नाही. त्याने गोळी थांबवायला डॉक्टरांची मदत घ्यावी. पहिला आठवडा-पंधरवडा डोकं जास्त दुखतं, नंतर बहुतेकांचं कमी होतं.

कॉम्बिफ्लॅम म्हणजे आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 325. वीस गोळ्यांचं पाकीट, गोळी दोन-अडीच रुपयांना. दाढदुखी, मुरगळलेला पाय, सूज असेल तर साध्या पॅरासिटामॉलपेक्षा सरस. पण ही उपाशीपोटी घ्यायची गोळी नाही, आणि वेचणीला पहाटे चहा पिऊन निघणारा मजूर ती नेमकी उपाशीपोटी घेतो. मेफ्टाल स्पास ही पाळीच्या पोटदुखीची गोळी: मेफेनॅमिक ॲसिड 250 आणि डायसायक्लोमिन 10, एक गोळी पाच-सहा रुपयांना. कामाची गोळी. मात्र कुठल्याही पोटदुखीला ती देणं चूक. अपेंडिक्सचं दुखणं दडपलं जातं आणि दवाखान्यात जायला उशीर होतो. डिस्प्रिन सर्वांत स्वस्तांपैकी, पाण्यात विरघळते, पण ती ॲस्पिरिन आहे. तापात आणि लहान मुलांना अजिबात नको.

मेडिकलवर "अंगदुखीची गोळी" मागितली की बहुतेक वेळा हातात पडतं ॲसिक्लोफेनॅक 100 आणि पॅरासिटामॉल 325 चं मिश्रण. सोबत सूज उतरवण्यासाठी म्हणून सेरॅशिओपेप्टिडेज असलं, की नामांकित कंपनीचं दहाचं पाकीट शंभर रुपयांच्या वर जातं. त्या तिसऱ्या घटकाचा गुण येतो याचा पुरावा तोकडा आहे. पैसे मात्र तिथेच जातात. ॲसिक्लोफेनॅकच्या पाकिटावर लाल रेघ असते, म्हणजे चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नाही. खेड्यात ते बिस्किटासारखं विकलं जातं, ही वस्तुस्थिती.

याच गोळीवर दुकानदाराची खरी कमाई. या मिश्रणाला पॅरासिटामॉलसारखी सरसकट कमाल किंमत नाही. नागपूरच्या दवा बाजारातून येणाऱ्या फारशा न ऐकलेल्या कंपन्यांच्या पाकिटावर समजा साठ रुपये छापलेत, तर दुकानदाराची खरेदी त्याच्या पाव किमतीत झालेली असू शकते. तो "तुम्हाला दहा टक्के सूट" म्हणत 54 ला देतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. गोळी वाईटच असते असं नाही, परवानाधारक कारखान्यातलीच असते. फक्त छापील किंमत हे तिच्या मोलाचं माप नाही. "जेनेरिक आहे का" एवढं विचारून भागत नाही. पुढचा प्रश्न "शेवटी किती घेणार" हा हवा, आणि तो विचारायला लाजू नये.

आता दुकानांकडे.

किराणा आणि पानटपरी सगळ्यात जवळ आणि गोळीमागे सगळ्यात महाग. तीस रुपयांच्या पाकिटातल्या दोन गोळ्या पाच रुपयांना, एक हवी असेल तर तीनला, सुट्टे नसतील तर वर चॉकलेट. पंधरा गोळ्यांचे साडेसदतीस ते पंचेचाळीस झाले. नियम असा आहे, की सुटी गोळी विकताना पाकिटाच्या किमतीला गोळ्यांच्या संख्येने भागून येईल तेवढेच घ्यायचे. दुसरा नियम कमी लोकांना माहीत असतो. बिनापरवाना दुकानात पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, बाम अशी मोजकी घरगुती औषधं विकायला मुभा आहे, पण ती हजारपर्यंत लोकसंख्येच्या गावातच, आणि माल परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडून आणलेला हवा. चार हजार वस्तीच्या गावातला किराणेवाला कॉम्बिफ्लॅम विकतो तेव्हा गावही मोठं आणि गोळीही यादीबाहेरची, असा तो दोन्ही अंगांनी नियमाबाहेर असतो. तरीही रात्री नऊ वाजता तापाने फणफणलेल्या पोराच्या बापाला हा नियम ऐकवण्यात अर्थ नाही. म्हणून घरात 500 चं एक पाकीट ठेवावं. दहा रुपयांचं काम आहे. पोराचा डोस मात्र वजनावर ठरतो, मोठ्यांची गोळी अंदाजाने मोडून देऊ नये. एकदा आशा ताईकडून किंवा आरोग्य केंद्रातून विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवावं.

किराण्याची आणखी एक भानगड म्हणजे ऊन. बहुतेक पाकिटांवर 30 अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला पारा 45 च्या पुढे जातो आणि टिनाखालच्या टपरीत त्याहून जास्त. पॅरासिटामॉल बऱ्यापैकी टिकाऊ आहे. ॲस्पिरिनला उष्ण दमट हवा सोसत नाही. पाकीट फोडल्यावर आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर गोळी फेकून द्यावी. ॲस्पिरिन फुटून त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटल्याची ती खूण आहे.

मेडिकलमध्ये पाकीट पूर्ण घ्यायचं नसेल तरी मुदतीची तारीख नसलेल्या बाजूने गोळ्या कापून मागाव्यात, म्हणजे उरलेल्या भागावर तारीख शाबूत राहते. तुमच्याकडे आलेल्या तुकड्यावर तारीख नसेल तर बिल घ्या, त्यावर बॅच आणि मुदत येते. बिल मागितल्यावर कपाळाला आठ्या पडतात, पण देणं बंधनकारक आहे. एकाच औषधाच्या पाकिटावर मूळ औषधाचं नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. ते इंग्रजीत असल्याने घरातल्या शाळकरी पोराला एकदा पॅरासिटामॉलची अक्षरं ओळखायला लावा. डोलो, कॅल्पोल, सॅरिडॉनसारख्या तीनशे ब्रँडच्या 1 ऑगस्ट 2023 नंतर बनलेल्या मालावर क्यूआर कोड असतो. मोबाईलने तपासला की नाव, बॅच, मुदत दिसते.

जनऔषधी केंद्र किमतीत सरस, पण हिशेब करून जावं असं. पॅरासिटामॉल ब्रँडच्या निम्म्याच्या आसपास मिळतं. मूळ किंमतच कमी असल्याने पाकिटामागे बचत दहा-पंधरा रुपयांची. तेवढ्यासाठी एसटीचं तिकीट काढून तालुक्याला जाणं तोट्याचं. बायांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास असला तरी दिवस मोडतोच. बाजाराच्या दिवशी, बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या आणताना सोबत घ्यावं. डॉक्टरांनी ॲसिक्लोफेनॅकचं मिश्रण लिहून दिलं असेल तर मात्र मुद्दाम जावं, तिथे ते ब्रँडच्या पाव किमतीतही मिळतं. रविवारी बरीच केंद्रं बंद असतात आणि माल संपलेला असणं नेहमीचं. निघण्याआधी जनऔषधी सुगम ॲपवर जवळचं केंद्र आणि दर बघावा, जमल्यास फोन करावा. पाकिटावर जनऔषधीचं चिन्ह आहे ना, तेही पाहावं. तिथे दुसऱ्या कंपनीचा माल हाती पडला तर दर जनऔषधीचा नसतो.

आणि फुकटचं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, दोन्हीकडे पॅरासिटामॉल मिळतं. आशा ताईच्या पेटीतही ते असतं, आणि धारणी, एटापल्ली, भामरागडच्या आतल्या गावांत खरी जवळची मेडिकल तीच. ती गोळी हलकी असते हा समज साफ चुकीचा. औषध तेच, 500 तेच. कमी पडतं ते संख्येत, दोन-तीन दिवसांपुरत्याच गोळ्या हातावर ठेवतात. तेही ठीकच, कारण तीन दिवसांत ताप उतरला नाही तर पुढची गोळी नाही, तपासणी हवी. अशा सरकारी पुरवठ्याच्या पाकिटावर विक्रीसाठी नसल्याचं छापलेलं असतं. तसं पाकीट दुकानात पैशाने मिळालं तर सरळ तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे.

पुडीवाल्या डॉक्टरांबद्दल दोनच वाक्यं. कागदात बांधलेल्या रंगीत, नाव नसलेल्या चार गोळ्या तीस-चाळीस रुपयांना मिळतात, आणि दोन तासांत गुडघे मोकळे होत असतील तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. महिनोन्महिने घेतल्यावर चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं पोकळ होतात आणि एकदम बंद केल्यावर माणूस कोसळू शकतो, म्हणून अशी सवय असेल तर ती बंदही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी.

काही वेळा स्वस्त-महाग हा प्रश्नच नसतो. भर उन्हात तेंदूपत्ता किंवा रोजगार हमीच्या कामावर अंगातलं पाणी आटलेलं असताना कॉम्बिफ्लॅम, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक यांतलं काहीही घेतलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. अशा गोळ्यांनी मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा घटतो आणि पाणी कमी असताना तो आधीच घटलेला असतो. खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या भागात, जिथे मूत्रपिंडाच्या तक्रारी घरोघरी ऐकू येतात, तिथे तर जास्तच जपावं. आधी मीठ-साखरेचं पाणी, सावली, आणि गोळी लागलीच तर पॅरासिटामॉल. पावसाळ्यात ताप आणि डोळ्यांमागे दुखत असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन बंद. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

फवारणीनंतरची डोकेदुखी वेगळी. मळमळ, घाम, लाळ, अंधुक दिसणं, बाहुल्या बारीक होणं यांतलं काहीही सोबत असेल तर ती विषबाधा समजावी. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. कपडे काढून अंग साबणाने धुवावं, फवारणीच्या औषधाचा डबा सोबत घेऊन थेट ग्रामीण रुग्णालय गाठावं, वाहन नसेल तर 108. डोक्याची गोळी देऊन झोपवलं तर वेळ जातो. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या माणसाची हाडं-सांधे एकाएकी असह्य दुखू लागले, तरी हेच: घरी गोळ्या वाढवत बसू नये.

डोसाची चूक सर्वांत जास्त कुठे होते, तर सर्दीच्या गोळीत. डीकोल्ड, सिनारेस्ट, व्हिक्स ॲक्शन 500, चेस्टन कोल्ड, सगळ्यांत पॅरासिटामॉल असतं. सकाळी सर्दीची गोळी, दुपारी डोलो, संध्याकाळी अंगदुखीचं मिश्रण, असं करत तीन वेगळ्या नावांनी एकच औषध पोटात जातं आणि पैसे तीनदा जातात. दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा. दिवसाची कमाल 4 ग्रॅम, म्हणजे 650 च्या सहा गोळ्या, पण ती धडधाकट मोठ्या माणसासाठी. वजन पन्नास किलोच्या आत असेल तर 3 ग्रॅमच्या खालीच थांबावं. रोज मोहाची किंवा देशी घेणाऱ्याने 500 च्या चार गोळ्यांपुढे जाऊच नये. यकृतावर घाला पडतो आणि पहिले दोन दिवस काही कळतसुद्धा नाही.

मलम, स्प्रे यांचं थोडक्यात: मूव्ह, व्होलिनी यांत औषधाइतकाच जाहिरातीचा आणि डब्याचा खर्च असतो. एका ठिकाणचं दुखणं असेल तर डायक्लोफेनॅकचं साधं जेल तेच काम करतं, जनऔषधीत बरंच स्वस्त मिळतं, आणि गोळीपेक्षा पोटाला सोपं. स्प्रे सर्वांत महाग पडतो.

छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाचा 1800 111 255 हा निःशुल्क क्रमांक आहे. गोळी खराब निघाली किंवा बिल नाकारलं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा 1800 222 365. दोन्हीकडे पहिला प्रश्न बॅच नंबरचा असतो, त्यामुळे रिकामं पाकीट चुलीत टाकू नये.